हिवाळ्यातल्या चिमण्या, आजेसासूबाईंचं लुगडं आणि एक लपण

माळवी_माणूस | ५ जानेवारी, रात्री १०:४०

"चिमणीचे फोटो काढायला लपण बांधलंस?" हा प्रश्न गेल्या महिनाभरात बायकोने, सासऱ्यांनी, ऑफिसातल्या दोघांनी आणि शेतावरच्या राखणदाराने विचारून झालाय. राखणदार तर मी गेलो की दर वेळी बजावतोच, "भाईसाब, चिड़ी का कई फोटू, मोर का खींचो नी!" मोर आहेतच शेतात. तीच तर पंचाईत आहे, दाणे टाकले की आधी मोर येतात.

शेत सासऱ्यांचं, देपालपूर रस्त्याला, इंदूरहून पाऊण तासावर. सोयाबीन निघालं की खळ्याच्या कडेला भुसाचा ढीग उरतो. त्यावर नोव्हेंबरपासून चिमण्यांचा थवा उतरतो, साठ-सत्तर तरी असतील. दिवाळीनंतर एकदा सहज गळ्यात कॅमेरा होता म्हणून दहा-वीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर थव्यात धड नर एकही नाही! डोक्यावर राखाडी टोपी, डोळ्यामागे तपकिरी, म्हणजे खुणा नराच्याच, पण गळ्यावरचा काळा पट्टा गायब. चोचीखाली जरासा काळा ठिपका आणि त्याखाली सगळं धुरकट. पाटीवरचं ओल्या फडक्याने अर्धवट पुसावं तसं. चोचही काळी नाही, शिंगाच्या रंगाची. फोटो इतके हललेले की खात्रीने काही म्हणता येईना. जवळ जावं तर तीस फुटांवरूनच सगळा थवा भुर्र करून बाभळीत. म्हणून लपण.

चार बांबू रोवले, चार बाय चार फूट, उंची साडेचार फूट. आत बसायला प्लास्टिकचं मोडकं स्टूल, त्याचे पाय कापून आखूड केलेले. आधी नर्सरीवाल्याकडची हिरवी जाळी लावली. ती वाऱ्याने फडफडायची आणि प्रत्येक फडफडीला थवा उडायचा. शिवाय मागून ऊन आलं की माझी सावली जाळीतून आरपार दिसायची, म्हणजे मी लपलोय असं फक्त मलाच वाटत होतं. पाच सकाळी अशा वाया गेल्या. मग सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांच्या सासूबाईंचं मातकट रंगाचं जुनं लुगडं काढून दिलं. नऊवार कापड, चारही बाजू झाकून उरलं ते छताला. कडा सुतळीने बांबूंना आवळल्या, खाली विटा ठेवल्या. जाड सुती कापड, हलत नाही आणि पलीकडचं दिसत नाही. लेन्ससाठी समोर भोक पाडून त्याला जुन्या स्वेटरची बाही शिवली. त्या बाहीतून लेन्स बाहेर काढली की डावी-उजवीकडे फिरवली तरी फट पडत नाही. ही बाहीची युक्ती माझी स्वतःची आहे, कॉपीराइट समजा.

तोंड पश्चिमेकडे ठेवलंय. सध्या सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तो माझ्या पाठीमागून वर येतो आणि ऊन थेट चिमण्यांवर पडतं. साडेसहाला अंधारातच आत जाऊन बसायचं. उजाडल्यावर गेलात तर बाभळीवरची एक तरी चिमणी तुम्हाला शिरताना बघते आणि पुढचा तासभर चिव्-चिव् करून गावाला सांगते.

परवा पहिल्यांदा थवा पंधरा फुटांवर येऊन बसला. चोचीत दाणा फिरवून टरफल काढायचा आवाज ऐकू येतो, बारीक, करकर असा. तीन फोटो खाली टाकतोय. हे पट्टा पुसलेले नर म्हणजे पिल्लं आहेत, आजारी आहेत, की काही वेगळंच आहे?

पोहे_जिलेबी | ५ जानेवारी, रात्री १०:५२

पहिला! भिया, फोटो दिसत नाहीत.

खडीसाखर | ५ जानेवारी, रात्री ११:१५

मलाही दिसत नाहीत. पण लुगड्याचा परिच्छेद आवडला. पुढचे भाग येऊ द्या.

दुर्बीण_काकू | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

फोटोंची लिंक उघडून पाहिली. आजारी नाहीत हो, नवे कपडे घातलेत त्यांनी!

चिमणी सगळी पिसं वर्षातून एकदाच बदलते, वीण आटोपल्यावर, साधारण पावसाळा सरता सरता. नराच्या गळ्याची नवी पिसं आत काळीच असतात, पण प्रत्येकाच्या टोकाला राखाडी-पिवळट कड असते. पिसं बसतात कौलांसारखी, एकावर एक. बाहेरून दिसतात फक्त टोकं, त्यामुळे काळं सगळं झाकलेलं. हिवाळाभर दाणे टिपताना आणि मातीत लोळताना ती टोकं झिजतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला खालचा काळा पट्टा उघडा पडतो. म्हणजे आपला नवरदेव लग्नासाठी नवीन कपडे शिवत नाही, आहेत तेच झिजवून नटतो. चोचीचं वेगळं आहे. ती विणीच्या दिवसांत संप्रेरकांमुळे काळी होते आणि एरवी फिकट राहते.

"पिल्लं आहेत का" याचं उत्तर: या वेळेला सांगताच येणार नाही. बरेच पक्षी पहिल्या वर्षी थोडीच पिसं बदलतात आणि त्यावरून कोवळा पक्षी ओळखू येतो. चिमणीची पिल्लं मात्र पहिल्याच खेपेला सगळी पिसं बदलून टाकतात. त्यानंतर पिसांवरून बाप कोण आणि लेक कोण हे आपल्याला कळत नाही.

आपल्याकडे वीण लांबते, म्हणून थव्यातले सगळे एकाच टप्प्यावर दिसणार नाहीत. एक करा. थव्यातला एखादा ओळखता येईल असा नर शोधा आणि मार्चपर्यंत त्याचेच फोटो काढत राहा.

कॅमेरावेडा | ६ जानेवारी, दुपारी १:०५

लेन्स कुठली? सेटिंग सांगा की राव. मी सिरपूर तलावावर जातो नेहमी, बदकांचे बरे येतात, पण चिमणीसारखं छोटं काही आलं की एक डोळा धारदार आणि बाकी सगळा धुरळा.

माळवी_माणूस | ६ जानेवारी, रात्री ९:२०

फोटोंची परवानगी बदललीय, आता दिसायला हवेत.

काकू, कमाल! कौलांची उपमा कायमची डोक्यात बसली. आज मुद्दाम मोठं करून बघितलं, पिसांच्या कडा खरंच एकेक सुट्या दिसतात आणि दोन कडांच्या मधून काळं डोकावतं.

@कॅमेरावेडा, क्रॉप सेन्सर (म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ४०० मिमी. मीही आधी समजायचो की जितकं जवळ तितकं बरं. मग कागदावर हिशेब केला. चार मीटरवर ४०० मिमीत जेमतेम २० सेंटीमीटर रुंदीचं जग मावतं आणि चिमणी असते साधारण १५ सेंटीमीटरची. तिने मान वळवली की शेपूट फोटोबाहेर. पाच मीटरवर २५ सेंटीमीटर मावतं, तिथे ती मोकळी बसते. ज्यांच्याकडे ६०० मिमी आहे त्यांनी आणखी मागे सरकावं, आणि लपण बांधण्याआधी आपली लेन्स किती जवळचं फोकस करते तेही बघावं. काही मोठ्या लेन्सना अडीच-तीन मीटरच्या आत दिसतच नाही.

आता तुझा धुरळा. पाच मीटरवर लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवलं तर धारदार पट्टा तीन सेंटीमीटरचा. चोचीपासून खांद्यापर्यंत संपतो! एफ ८ ला साडेचारच्या आसपास. म्हणून मी एफ ८ ठेवतो आणि चिमणी आडवी होण्याची वाट बघतो. शटर १/१००० सेकंदाहून हळू नाही. ती बसलेली दिसते पण डोकं क्षणभर स्थिर नसतं. धूळ उडवताना १/२५००. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोडलाय, सकाळी १६०० पर्यंत जातो, जाऊ दे. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा.

आणि उंची! लेन्स जमिनीपासून दीड फुटावर ठेवा. उभ्याने काढलेल्या फोटोत चिमणीची पाठ आणि माती दिसते. दीड फुटावरून मागची गव्हाची हिरवाई पार विरघळून जाते आणि चिमणी समोरासमोर बघते. लेन्स टेकवायला जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात सोयाबीन भरलंय. माळव्यात दुसरं काय भरणार? मात्र ती पिशवी रात्री लपणात विसरू नका. मी विसरलो, सकाळी उंदरांनी फाडलेली पिशवी आणि टरफलं.

रिकामटेकडा | ७ जानेवारी, सकाळी ११:४०

पण दाणे टाकून बोलवायचं आणि लपून फोटो काढायचे, याला छायाचित्रण म्हणायचं की लग्नाच्या पंगतीतलं शूटिंग? प्रामाणिक शंका.

कॅमेरावेडा | ७ जानेवारी, सकाळी ११:४८

रिटे आले, आता धागा शंभरी गाठणार.

माळवी_माणूस | ७ जानेवारी, रात्री १०:१०

शंका रास्त आहे. थवा भुसावर आपणहून येतच होता, मी ओंजळभर बाजरी आणि तांदळाची कणी टाकतो ती ढिगापासून दहा फूट अलीकडे, उजेडात. रोज टाकत नाही, आठवड्यातून दोनदा जातो तेव्हाच. पण हो, पंगत आहेच. मी ती लपवत नाही आणि फोटोखाली लिहितोही.

मला खरी टोचणी वेगळ्या गोष्टीची आहे. लपणात बसलं की आपण तिथे नाहीच असं वाटायला लागतं. परवा शिक्रा आला, चिमण्या धरणारा शिकारी पक्षी. मी टाकलेल्या दाण्यांमुळे थवा उघड्यावर होता. त्याला काही मिळालं नाही, पण मिळालं असतं तर जबाबदारी कुणाची? त्या दिवसापासून दाणे बाभळीच्या झुडपाजवळ सरकवलेत. फोटोत मागे काटे येतात, येऊ देत.

दुर्बीण_काकू | ८ जानेवारी, सकाळी ८:००

झुडपाजवळ ठीक, पण अगदी चिकटून नको, पाच-सहा फूट सोडा. नाहीतर शिक्र्याऐवजी मांजर दबा धरून बसेल. पाण्याचं पसरट भांडं ठेवत असाल तर रोज घासा, तिथूनच एकाची रोगराई दुसऱ्याला लागते. आणि समस्त इंदूरकरांना विनंती, पक्ष्यांना शेव घालू नका. प्रेमापोटी घालता हे कळतं, पण मीठ-तिखट-तेल त्यांच्यासाठी नाही.

पोहे_जिलेबी | ८ जानेवारी, सकाळी ८:२१

शेव नाही तर मग इंदुरी चिमणी कसली!

शेंडेफळ | ८ जानेवारी, दुपारी ४:३०

आमच्या सोसायटीच्या गच्चीत मी पुठ्ठ्याच्या खोक्याचं लपण केलं होतं, फ्रीजचं मोठं खोकं. दोन दिवस मस्त गेले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी भंगारवाल्याला दिलं. मी आत नव्हतो एवढंच नशीब.

बाकी मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या म्हणतात, मग तुमच्याकडे साठ-सत्तर कुठून?

दुर्बीण_काकू | ८ जानेवारी, रात्री ९:००

टॉवरची गोष्ट ऐकायला सोपी म्हणून टिकलीय. २०२० साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून अहवाल निघाला. त्यात चिमणीची संख्या देशपातळीवर साधारण टिकून असल्याचं आणि मोठ्या शहरांत घटल्याचं दिसलं. शहरात घरट्याला वळचण नाही, पिल्लांना भरवायला अळ्या नाहीत. पिल्लांना सुरुवातीला दाणे चालत नाहीत, किडेच लागतात. गुळगुळीत काचेच्या इमारतीत ती काय करणार? फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, पंधरा मिनिटं गच्चीत बसून मोजा आणि नोंदवा. टॉवरवर चर्चा करण्यापेक्षा ते बरं.

जर्सीकर_इंदुरी | १० जानेवारी, पहाटे ५:१५

धागा वाचून जेलरोडचं घर आठवलं. इथे न्यू जर्सीत माझं लपण म्हणजे गॅरेज. दार फूटभर उघडं, खाली योगा मॅट, मी पालथा. बाहेर बर्फ.

गंमत अशी की इथे हिवाळ्यात ज्यांना लोक 'स्पॅरो' म्हणतात त्या आपल्या चिमणीच्या सख्ख्या नव्हेतच. नात्याने त्या भारीट पक्ष्याच्या जवळच्या. माझी लाडकी पांढऱ्या गळ्याची. तिच्यात दोन घराणी असतात, एकाच्या भुवया पांढऱ्या, दुसऱ्याच्या बदामी, आणि जोडी बहुतेक वेळा पांढऱ्याची बदामीशीच जमते. घरातल्या घरात लग्न नाही! दुसरा जुंको, पाटीसारखा करडा, उडाला की शेपटीच्या कडेची पांढरी पिसं चमकतात. दोघंही उन्हाळा उत्तरेकडे काढतात आणि थंडीत इथे येतात.

आणि आपली खरी चिमणी? ती पण आहे. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये माणसांनी आणून सोडली, आता खंडभर पसरलीय. इथले पक्षीवाले तिच्यावर नाक मुरडतात, परकी आहे, इतरांची घरटी बळकावते म्हणून. त्यांचं चूक नाही. पण दुकानाच्या पार्किंगमध्ये ती चिव्-चिव् करते तेव्हा मी थांबतोच.

बर्फात एक टीप: कॅमेरा पांढरं बघून बिचकतो आणि चिमणी काळीठिक्कर काढतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). माळव्याच्या काळ्या मातीवर उलटं होत असणार.

माळवी_माणूस | १० जानेवारी, सकाळी ९:००

अगदी उलटं! काळ्या मातीवर गालाचं पांढरं जळून जातं, मी पाऊण स्टॉप कमी करतो. गॅरेजातला पालथा माणूस डोळ्यासमोर आला. फोटो टाका.

माळवी_माणूस | २६ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

अपडेट. सुट्टी होती, म्हणून आज लपणात चार तास. (तिसऱ्या तासाला पायांना मुंग्या आणि चौथ्याला चहाची भीषण आठवण. साडेदहानंतर जमिनीवरून हवा तापून लहरते, मग लांबचे फोटो मऊच, म्हणजे धूसर येतात, तेव्हा उगाच बसू नका.)

काकू, ओळखीचा नर सापडला! डाव्या पायाचं मागचं बोट अर्धं तुटलेलं. आधीचे फोटो चाळले तर २० डिसेंबरच्या एका फोटोतही तोच. तेव्हा गळा पूर्ण धुरकट होता. आज हनुवटीपासून सुपारीएवढा काळा भाग मोकळा झालाय, खाली अजून धुकं. धूळस्नान करताना बघितलं त्याला. आधी छातीने माती दाबून वाटीएवढा खळगा केला, मग पंखांनी धूळ पाठीवर उडवली आणि शेवटी गळा चक्क जमिनीवर घासला, दोनदा. टोकं कशी झिजतात ते समोरच दिसलं. खळग्यावरून दुसऱ्या नराशी भांडणही झालं.

दुसरं म्हणजे एक कोडं. थव्यापासून जरा बाजूला, बाभळीच्या फांदीवर चिमणीसारखाच एक पक्षी. अंगावर रेघा अजिबात नाहीत, साधा करडा-तपकिरी. चोच चिमणीपेक्षा निमुळती. पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि खांद्यावर विटकरी डाग. जमिनीवर फारसा उतरला नाही. मला वाटलं भारीट.

दुर्बीण_काकू | २६ जानेवारी, रात्री ८:१०

रानचिमणी! तुमच्या दुसऱ्या फोटोत मान वर आहे, तिथे गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका दिसतोय का बघा. घरात न येणारी, झाडांवर राहणारी, ढोलीत घरटं करणारी. पळस फुलला की फुलांवर शोधा. ती मध खाते, तोंडाला पराग लागलेला फोटो मिळाला तर बहारच.

हीच ती चिमणी. १९०८ च्या सुमारास मुंबईत लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडली, पिवळा गळा बघून चक्रावले आणि विचारायला थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी ओळखून दिली आणि पोराला पक्ष्यांचा नाद लागला. पुढे त्यांनी ग्वाल्हेर, इंदूर आणि भोपाळ संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. सोसायटीच्या नियतकालिकात ती १९३९-४० मध्ये छापून आली.

माळवी_माणूस | २६ जानेवारी, रात्री ८:३५

आहे! पिवळा ठिपका आहे! मोठं केल्याशिवाय दिसत नव्हता. अंगावर काटा आला, काकू.

बांधावरचा | २७ जानेवारी, दुपारी २:००

शेतकरी माणूस आहे, कॅमेरा नाही. पण भारीट शब्द वाचून राहवलं नाही. माझ्या लहानपणी हातोदच्या बाजूला आमच्याकडे ज्वारी असायची. दाणा भरला की काळ्या डोक्याचे, लाल डोक्याचे, पोटाला पिवळेधम्मक असे भारीट थव्यांनी यायचे. आम्ही पोरं गोफण घेऊन माचावर. तुम्ही लपून बोलावता, आम्ही उभं राहून हाकलायचो. मग सोयाबीन आलं, ज्वारी गेली, गोफणही गेली. आता पाच-दहा दिसतात कुठे कुठे.

दुर्बीण_काकू | २७ जानेवारी, संध्याकाळी ७:००

ते भारीट कुठून येतात माहीत आहे? काळ्या डोक्याचा आग्नेय युरोप ते इराण या भागातून, लाल डोक्याचा मध्य आशियातून. बहुतेक पाहुणे उत्तरेकडून दक्षिणेला येतात, हा काळ्या डोक्याचा मात्र पश्चिमेकडून पूर्वेला येतो. माद्या दोघांच्या इतक्या सारख्या की भलेभले हात टेकतात. माळवी_माणूस, पुढच्या रब्बीत सासऱ्यांना एक पट्टा ज्वारी पेरायला सांगा.

माळवी_माणूस | २७ जानेवारी, रात्री ९:४५

सांगितलं. "तुझ्या चिमण्यांसाठी?" एवढंच म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

रिकामटेकडा | २८ जानेवारी, सकाळी १०:३०

मी पंगतीचा टोमणा मारला होता, तो मागे घेत नाही. पण बोट तुटलेल्याचं पुढे काय झालं ते कळवत राहा.

माळवी_माणूस | ८ मार्च, रात्री १०:००

खास रिटेंसाठी. तिन्ही फोटो शेजारी-शेजारी लावलेत: २० डिसेंबर, २६ जानेवारी, आजचा. आज पट्टा हनुवटीपासून छातीपर्यंत काळाकुळकुळीत, खालची कड जराशी पिंजलेली. चोच मुळापासून काळी, फक्त टोकाला अजून फिकट. पाय तोच. तो आता थव्यात नव्हता. पंपाच्या खोलीच्या पत्र्याखाली एका फटीशी बसून छाती काढून ओरडत होता आणि मादी बाजूला वायरीवर पाठ करून बसलेली. तिथे लेन्स रोखली नाही, लपण सोडून जवळही गेलो नाही. लांबून एक काढला, तो मऊ आहे, तरी टाकतोय.

हरभरा निघाला, गहू पिवळा पडला, लपण आज काढलं. लुगडं धुऊन परत दिलं. सासूबाईंनी उलगडलं आणि मधोमध ते भोक. भोकाला स्वेटरची बाही. बाही सासऱ्यांच्या स्वेटरची होती हे मला खरंच माहीत नव्हतं.

खडीसाखर | ८ मार्च, रात्री १०:१२

मग काय म्हणाल्या?

माळवी_माणूस | ८ मार्च, रात्री १०:२०

म्हणाल्या, पुढच्या वर्षी भोक पाडायच्या आधी विचार, मी नीट काज करून देते.